जाळ्याच्या मण्यांपाशी थांबलेली मुलगी

महाशिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही ब्रह्मपुरीहून मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेला निघालो. मी, पत्नी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी, असे तिघं. मुलीला ऑटिझम आहे. ती बोलत नाही, कुणी हात लावला तर किंचाळते. तिला वाचा यावी म्हणून पत्नीने नवस बोलला होता. मी निघालो, पण मनापासून नाही. महिनाभरापूर्वी मुलीच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी मलाही काही कोडी सोडवायला दिली होती. गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला त्रिकोण मी झटकन शोधला. फोटोतल्या चेहऱ्यांवरचे भाव ओळखताना मात्र निम्मे चुकले. अशा मुलांच्या जवळच्या नात्यात कधी कधी असं आढळतं, असं त्या साधेपणाने म्हणाल्या. मुलीला हे माझ्याकडून आलं, असा मला तो ठपका वाटला. देवावरही राग आला.

जत्रेत भोंगे वाजू लागले आणि मुलगी गर्दीत दिसेनाशी झाली. पलीकडे वैनगंगा नदी. पत्नी तिला हाका मारत पाळण्यांकडे धावली. मी जागीच उभा राहिलो आणि म्हणालो, देवा, माझी अक्कल संपली, तूच तिच्यापर्यंत ने. मग मनात आलं, हा गोंगाट मला सोसवेनासा झाला असता तर मी कुठे गेलो असतो? जिथे आवाज कमी आणि वस्तू ओळीने मांडलेल्या, तिथे. मी डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, ओळीने लागतात त्या काठाकडे पळालो.

मुलगी पाण्यापासून दहा पावलांवर बसली होती. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये जाळं पसरलेलं. शेजारी मासेमारी करणारी एक म्हातारी ढिवर बाई जाळ्याला गाठी मारत होती.

"हात नोका लावू भाऊ. जाळ्याचे शिशाचे मणी मोजून राह्यली. सरळ पाण्यात चालली होती, म्हणून जाळं आडवं टाकलं."

"तुम्हाला कसं सुचलं?"

"माहा लेक असाच आहे. अन् मले बी एक गाठ चुकली तर दुरूनच दिसते. त्यानं माह्याकडूनच घेतलं, दुसरं कुठून आणन?" माझ्याकडे बघून ती हसली. "तुमी बी मोजूनच राह्यले ना?"

मी खरंच मोजत होतो. एकेचाळीस झाले होते.

पत्नीला फोन करून बोलावलं. मी देऊ केलेले पैसे बाईने घेतले नाहीत. मंदिरात मी मुलीसाठी वाचा मागितली नाही. ज्या स्वभावाची मला लाज वाटली, त्याच वाटेने देवाने मला तिच्यापर्यंत पोचवलं, एवढंच बोलून डोकं टेकलं. पण ते नंतर. आधी तिचे मणी मोजून होईपर्यंत आम्ही वाळूत बसून राहिलो. ती उठली, तेव्हा मी हात पुढे केला नाही. ती आपणहून माझ्या बाजूने चालू लागली.