आबांच्या गाडीचा स्टार्टर

आबांनी चावी फिरवली की दिवे लागत, हॉर्न वाजे, आणि स्टार्टर ढिम्म. आचरे गावात त्यांच्या अंगणात सकाळपासून आमचं हेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचं लग्न. ज्या गाडीतून तिला शाळेत सोडलं, त्याच गाडीतून तिची पाठवणी करायची, हा म्हाताऱ्याचा हट्ट.

गाडी जुनी अमेरिकन, ऑटोमॅटिक. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बाजूला. असल्या गाडीत एक सेफ्टी स्विच असतो. गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असेल तरच तो स्टार्टरला करंट सोडतो. नाहीतर चावी फिरवताच गाडी समोरच्याच्या अंगावर जायची.

बॅटरी उत्तम. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या, स्टार्टर लगेच फिरला. म्हणजे चोर स्विचच. तो खोलून साफ केला, बसवला, मी सीटवर बसून चावी फिरवली. गाडी चालू! आबांना बसवलं. बंद. परत मी बसलो. चालू. आबा बसले. बंद. माझं डोकं भणभणायला लागलं. वीस वर्षं वायरिंग करतोय, पण माणूस बघून चालणारी गाडी कधी पाहिली नव्हती.

आबांचा चेहरा उतरला. “गाडयेक माझो राग इलो काय रे?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

त्यांचा मुलगा म्हणाला, त्या दोन वायरी कायमच्या जोडून टाका आणि मोकळे व्हा. मी साफ नकार दिला. मांडवात गाडीपुढे पोरंटोरं नाचणार, आणि स्विच बाद करून मी घरी जाऊ? मी चिडलोच. पण चिडून स्विच थोडाच सुधारतो!

शेवटी आबांना म्हटलं, तुम्ही बसा, मी बाजूला बसून नुसतं बघतो. त्यांनी बसल्या बसल्या मांडीवरचा नारळ गिअरच्या दांडीला अडकवला. लाल फडक्यात बांधलेला, चांगला मोठा. लग्न ठरलं तेव्हा सगळं नीट पार पडू दे म्हणून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून आणलेला. मी तो सकाळीच पाहिला होता. देवाची वस्तू म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

“मी बसतो तेव्हा हा काढता?” मी विचारलं.

“मगे? तू बांगडे खावन इलंस. देवाक विटाळ नको.”

लग्न होईपर्यंत आबांनी स्वतः मासे सोडले होते.

नारळाला न शिवता मी बोटाने दांडीच जरा वर उचलली आणि चावी फिरवायला सांगितली. गाडी गुरगुरली. दांडीला जागेवर घट्ट धरणारा आतला बुश झिजला होता. नारळाच्या वजनाने दांडी ‘पार्क’मधून केसभर खाली यायची. डोळ्यांना दिसत नव्हतं, स्विचला कळत होतं.

“देवान गाडी थांबवली?” आबांनी हळूच विचारलं.

“देवान नाय आबा, वजनान.”

त्यांनी नारळ सोडवून बराच वेळ हातात धरला. “मगे ह्यो नातीच्या ओटीत घालतंय. देव तिच्याबरोबरच जांवदे.” म्हाताऱ्याचे डोळे भरले, आणि मी उगाच पाने-स्क्रूड्रायव्हर गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका चावीत चालू झाली. नवा बुश मी लग्नानंतर बसवला. तेव्हापासून कुणी बिघडलेली गाडी आणली, की मीटर लावण्याआधी मी विचारतो, हिच्यात नवीन काय अडकवलंय.