पाणमांजराला वैद्यकी येते का?

ताई दातांची डॉक्टर. दादरला तिचा छोटा दवाखाना होता. कॅन्सरच्या औषधांनी गाठ विरली, पण तिच्या बोटांची जाणीव गेली आणि दवाखाना बंद झाला. "परत येईलही, सांगता येत नाही," एवढंच परळचे डॉक्टर म्हणाले. कुडत्याची बटणंसुद्धा आई लावून द्यायची.

रविवारी दुपारी तिची कॉलेजची मैत्रीण आमच्या लालबागच्या घरी यायची आणि आम्ही तिघं एक खेळ खेळायचो. मैत्रीण गोष्ट सांगायची, आम्ही त्यातली पात्रं व्हायचो. काही अवघड करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा; मोठा आकडा पडला तर जमलं. मी शिपाई. ताई वैद्यीण, हवा तो प्राणी होऊ शकणारी.

एका रविवारी, पाण्याने भरलेल्या भुयारात माझ्या शिपायाला भाला लागला. ताई पाणमांजर होऊन पोहत त्याच्यापर्यंत पोचली. जागा इतकी अरुंद, की परत माणूस झाली असती तर तिथेच चिरडली असती.

"मी जखम बांधते," ताई म्हणाली.

"कशाने? पंजे आहेत तुला," मैत्रीण म्हणाली.

"पण वैद्यकी येते ना मला? रूप बदललं म्हणून शिकलेलं विसरले का?"

"नाही गं. कुठली शीर दाबायची, कुठला पाला लावायचा, सगळं तुला माहितीये. पण गाठ मारायला बोटं नाहीत, मंत्र म्हणायला माणसाची जीभ नाही. अंग पाणमांजराचं, अक्कल तुझी."

"मग त्या अकलेचं करू काय मी?" ताई ओरडली. "समोर माणूस मरतोय, काय करायला हवं ते मला कळतंय, आणि..." तिने हात टेबलावर आपटला. पुन्हा आपटला, जोरात. आई आतून धावत आली.

मैत्रिणीचे डोळे भरले. "सोड तो नियम. बांध जखम."

"दया नकोय मला. खेळ."

मग ताईने एकेक उपाय काढला. दाताने धरून ओढते, म्हणाली. फासा टाकला, पाणमांजराची ताकद पुरली नाही. पोटाने जखम दाबते. रक्त जरा थांबलं, पुन्हा सुरू झालं. ओरडते, कुणीतरी ऐकेल. फासा तिच्या बोटांतून निसटून खाटेखाली गेला. मी काढून दिला. माझ्या शिपायाचं मला काही नव्हतं. तिला एकदा मोठा आकडा पडू दे, एवढंच मी मागत होतो.

पडला नाही. शिपाई मेला, आणि आजारपणात एकदाही न रडलेली ताई ढसाढसा रडली.

आईने चहा आणला. कप किती गरम ते ताईला कळायचं नाही, म्हणून मी आधी हात लावून पाहिला. "थांब जरा," म्हणालो. ती थांबली.

बोटं अजून तशीच आहेत. दवाखान्यातली खुर्ची गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांना दिली. माणसं ती न्यायला आली तेव्हा किल्ली घेऊन मी एकटाच गेलो.