चाकवाल्या काकांचा देश

जिन्याखालच्या त्या अर्ध्या खोलीत उभं राहायचं तर मान वाकडी करावी लागे, म्हणून काका बत्तीस वर्षं बसूनच राहिले. धंदा प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करायचा. झिजलेलं चाक बदल, वाकलेला दांडा सरळ कर, फाटलेलं अस्तर शिव. सगळा रस्ता त्यांना चाकवाले काका म्हणे. काकूसुद्धा चारचौघांत ‘आमचे चाकवाले’ म्हणायच्या. घरात काय म्हणायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माणूस जन्मात विमानात बसलेला नाही, पण देशांबद्दल असं बोलायचा की जणू काल संध्याकाळीच तिकडून उतरलाय. ‘गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, ओळखायचं,’ हा त्यांचा बाणा. बॅग उलटी करायची, चाकावरून अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, “गुळगुळीत रस्ते. माणसं चालतच नाहीत, सरकत्या पट्ट्यावर उभी राहतात. बरोबर?” निम्मी गिऱ्हाइकं ‘बरोबर’ म्हणत. उरलेल्यांना काका म्हणत, “मग बॅग मधे दुसऱ्या कुणाला दिली असणार तुम्ही.” आता बोला!

आणखी एक नियम होता. दुरुस्त केलेली बॅग तशीच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. आधी तिची फेरी. दुकानापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत आणि परत, काका ती बॅग अशा ऐटीत ओढत नेत की बघणाऱ्याला वाटावं, बाहेर टॅक्सी थांबलीय. शेजारचा सलूनवाला हातातली कात्री तशीच वर धरून दारातून ओरडे,

“निघालात का काका?”

“निघालो!”

“कुठं?”

“पोर्तुगालला!”

पोर्तुगालच का, त्याचीही गंमत आहे. पलीकडच्या फुटपाथवर औषधांचं दुकान होतं. त्या औषधवाल्या बाई दर वर्षी एक तपकिरी बॅग आणायच्या. दांड्याला लिस्बनच्या विमानतळाची चिठ्ठी चिकटलेली, आणि चाकं झिजून निम्मी. ‘माझा भाऊ असतो तिकडे’, एवढं बाई पहिल्या वर्षी बोलल्या होत्या. पुढचा सगळा देश काकांनी चाकांवरून रचला. तिथं दगडी रस्ते आहेत, चढउतार आहेत, माणसं गाड्या सोडून पायी हिंडतात, आणि ज्या देशात चाकं इतकी झिजतात तिथं आपल्या हाताला मरेपर्यंत काम आहे. “परदेशी राहायचं तर तिथंच,” असं ते सलूनवाल्याला गेली अकरा वर्षं सांगत होते. सलूनवाल्याचं मत रोज बदलायचं, काकांचं नाही.

तर काकांची लेक होती नर्स. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या, तळहातावर मावतील एवढ्या बाळांच्या वॉर्डात काम करायची. एका सोमवारी ती कामावरून आली, चप्पल काढायच्या आधीच टेबलावर तीन कागद ठेवले आणि म्हणाली, “बाबा, आई, बसा जरा. तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय. फिनलंड, न्यूझीलंड आणि पोर्तुगाल.”

काका एकदम उठले. घरात त्यांना सरळ उभं राहता यायचं.

“मी एकटी जाणार नाही,” लेक म्हणाली. “तुम्ही दोघं येणार असाल तरच. आणि देश बाबांनी निवडायचा. जन्मभर तेच तर करत आलेत. शनिवारी दुपारी बारापर्यंत उत्तर पाठवायचंय. एका ठिकाणी हो म्हटलं की बाकीच्या दोन जागा गेल्याच.”

“त्याला शनिवार कशाला हवा? लिही, पोर्तुगाल!”

“अहो, सदऱ्याचं कापड घ्यायला चार दुकानं पालथी घालता,” काकू म्हणाल्या, “आणि देश असा उभ्या उभ्या?”

“मग बसतो,” म्हणत काका बसले. “पोर्तुगाल!”

लेक हसली. “चालेल,” म्हणाली. पण ते ‘चालेल’ जरा अडखळत आलं. काकूंनी ऐकलं. काकांनी नाही. चाकाची करकर वीस पावलांवरून ओळखणारा माणूस, पण घरातली अशी करकर त्याच्या कानांवर पडत नसे.

ते चार दिवस काका नुसते तरंगत होते. सलूनवाल्याला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, एका गिऱ्हाइकाला तर बॅग घेताना ‘लवकर घेऊन जा हो, आम्ही चाललो’ असा दमही भरला.

शुक्रवारी दुपारी औषधवाल्या बाई तपकिरी बॅग घेऊन आल्या. या खेपेला एक चाक पार गेलेलं, नुसता लोखंडी आस उरलेला.

“या, या!” काकांनी बॅग मांडीवरच घेतली. “शेवटचं चाक बसवतोय बघा तुमचं. तुमच्या भावाच्या गावी निघालोय आम्ही. काय रस्ते असतील हो! वर्षात चाक खातात म्हणजे गंमत नाही.”

बाई बुचकळ्यात पडल्या. “कुठले रस्ते?”

“लिस्बनचे!”

“अहो काका, ही बॅग कुठं जाते लिस्बनला? भाऊ एकदाच आला होता, जाताना मला देऊन गेला. मी हिच्यात दर मंगळवारी घाऊक बाजारातून औषधाच्या बाटल्या आणते. आपल्याच गल्लीतून, खडबड खडबड.”

“आणि ही चिठ्ठी?”

“ती निघतच नाही हो. तुम्ही एकदा तरी विचारायचं!”

सलूनवाल्याची कात्री थांबली, त्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही हसू फुटलं. मग काकांनी खाली वाकून दुकानापुढचा रस्ता नीट पाहिला. उखडलेल्या फरशा, मधेच चर, गटाराच्या झाकणाची वर आलेली कड. अकरा वर्षं ज्या देशाच्या नावानं उसासे टाकले तो हा! आणि काकांना असं हसू आलं, असं हसू आलं, की मांडीवरची बॅग घरंगळून थेट सलूनच्या पायरीशी गेली.

हसू ओसरलं तसं एक वाक्य मात्र आत अडकून राहिलं. तुम्ही एकदा तरी विचारायचं. त्यांनी नवं चाक बसवलं, फेरी मारली, आणि पाच वाजताच दुकान बंद करून घरी गेले.

लेक कपडे वाळत घालत होती. काकांनी बादलीतला टॉवेल पिळून तिच्या हातात दिला.

“काय गं, तुला कुठं जायचंय?”

“ठरलंय ना बाबा. पोर्तुगाल.”

“ते मी ठरवलं. तुला विचारतोय.”

ती टॉवेलच्या कडा उगाच सारख्या करत राहिली. मग म्हणाली, “फिनलंडला. तिथं माझ्याच बाळांचा वॉर्ड आहे. बाकी दोन्हीकडे म्हाताऱ्यांचं काम. ते वाईट नाही, पण… आणि तिथं थंडी फार, आईचे गुडघे, म्हणून बोलले नाही.”

“माझ्या गुडघ्यांना कशाला मधे घालतेस?” काकू आतून कडाडल्या. “तिकडे घरं आतून उबदार असतात म्हणे. गुडघे काय मी रस्त्यावर ठेवणार आहे?”

उत्तर त्याच संध्याकाळी गेलं. मग काकांनी कपाटावरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात चेनचे तुटलेले रनर होते, ओढायचं टोक मोडलेले. “हे बघा, बहुतेक सगळे थंड देशांतून आलेत. हातमोजे घालून हिसका मारतात, त्याशिवाय असे मोडायचे नाहीत. म्हणजे तिथं मला काम…”

“झालं सुरू!” काकू म्हणाल्या.

“नाही, नाही. या खेपेला तिथं गेल्यावर आधी विचारीन,” काकांनी घाईघाईनं कबूल केलं, आणि घरच्या तिन्ही बॅगांच्या रनरना जाड दोरीचे फास बांधायला बसले.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी स्वतःची बॅग फेरीला काढली. कात्री वर धरून सलूनवाला दारात आला.

“निघालात का काका?”

“निघालो!”

“कुठं?”

“फिनलंडला!”

“आणि पोर्तुगाल?”

“ते काय, टपालपेटीपर्यंत पसरलंय,” काका म्हणाले. “झाडून ठेव. आम्ही येऊ तेव्हा चाकं झिजवायला लागेल.”