सुनेत्राच्या खुंटीवरची पिशवी

शहरातल्या कॅम्प तीन भागातल्या एका जीन्स कारखान्यात मोतीबाई बावीस वर्षं चेकर होत्या. पॅंट हातात आली की आधी ओढायची, मग बघायची. काम सुटलं, खोड नाही सुटली. जांभूळ गावातल्या घरात दाराचा पडदासुद्धा त्या एकदा ओढूनच आत येतात.

गावातल्या बचत गटांची शेड एकच, म्हणून वर्षभर वस्तूही एकच करायची, ती मतदानानं ठरवायची. मागच्या वर्षी सत्तर बायांनी मोदकाच्या आकाराच्या मेणबत्त्यांना मत दिलं, आणि वैशाखात पत्र्याखाली सगळे मोदक मिळून एक गोळा झाला. तेव्हापासून मताला जाण्याआधी प्रत्येक वस्तू मोतीबाईंच्या हाताखालून जाते. वस्तूवर नाव नाही. दुसरीच्या घरी आठ दिवस वापरायची. टिकली तर यादीत. नापास झाली तर दुरुस्त करून एकदाच परत आणायची.

यंदा त्यांची सून जिज्ञासा जीन्सच्या कतरणीची, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांची, पिशवी घेऊन आली. लग्नानंतर चार वर्षं तिचं शिलाई मशीन चादरीखाली झाकलेलं होतं. पिशवी निवडून आली, तरच ते रोज चालणार होतं.

गटातली सुनेत्रा हसली. "नाव नाय लिवलं तरी कतरण कुनाच्या घरची, ते कलतं. सुनेची पिशवी, सासूची तपासणी. झालीच की पास."

"मग तूच ने गो," मोतीबाई म्हणाल्या. "पाच किलो तांदूळ भर, खुंटीला टांग."

तिसऱ्याच दिवशी सुनेत्रा उसवलेली पिशवी घेऊन दारात. "मोतीकाकी, माज्या कोंबड्यांना लय आवडली. अंगनभर तांदूळ."

मोतीबाईंनी तिच्यादेखत पिशवी यादीतून काढली.

जिज्ञासानं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. मग म्हणाली, "आय, आधी घरातच ओढून बघितली असती तर?"

"तर ती माजी पिशवी झाली असती." मोतीबाईंनी पिशवी उलटी केली. "पट्टा शाबूत हाय. जोड सुटलाय. पॅंटच्या खिशाच्या कोपऱ्याला कशी दाट आडवी शिवण असते, तशी इथं चारदा मार. आणि दोरा जाड घे."

सकाळी मशीनवरची चादर पुन्हा निघाली. संध्याकाळी पिशवी पुन्हा सुनेत्राकडं गेली.

आठ दिवस झाले, नववाही गेला. सुनेत्राचा पत्ता नाही. शेवटी मोतीबाई स्वतःच गेल्या. पिशवी खुंटीला होती. तांदूळ होतेच, वर कांदे आणि एक नारळ.

"उतरव. मताच्या दिवशी नमुना लागंल."

"सुनेकडनं दुसरी घ्या, काकी. ही मना लागते."

मोतीबाईंनी पट्टा धरून खाली ओढला. एकदा, मग जरा लटकूनच. भिंतीतली खुंटी करकरली, पट्टा हलला नाही. त्यांनी पदराच्या गाठीतून यादी काढली आणि सुनेत्राच्याच पेनानं लिहिलं: पिशवी, पास. नमुना सुनेत्राच्या घरी, ज्यांना बघायचाय त्यांनी तिथं जाऊन ओढून बघावा.