मावशींचं हिवाळी ऑलिंपिक

माझ्या बायकोच्या मावशींइतकं हिवाळी ऑलिंपिक अंगाला लावून घेणारं माणूस प्रत्यक्ष बर्फावर उतरणाऱ्या खेळाडूंमध्येही सापडायचं नाही. खेळाडू बिचारा एकच खेळ खेळतो. मावशी अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या घरी सोफ्यावर बसून सगळे खेळायच्या. उतारावरून कोणी स्की घेऊन सुटला की यांचे दोन्ही पाय ब्रेक दाबल्यासारखे समोरच्या टीपॉयला टेकायचे. स्केटिंगवालीनं हवेत गिरकी घेतली की ती खाली येईपर्यंत यांचा श्वास वरच. एकदा मी घरूनच चाललेल्या मीटिंगमधून चहा घ्यायला बाहेर आलो, तर टीव्हीवर स्की जम्पिंग चालू आणि मावशी डोळे गच्च मिटून विचारताहेत, "जावईबापू, उतरला का तो? जमिनीवर आहे ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले, तेवढ्यात पुढचा सुटला, म्हणून पुन्हा मिटले. तो खेळ त्यांनी असा शेवटपर्यंत पाहिला आणि फार आवडला म्हणून सांगितलं.

खरं तर बर्फ हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. काका गेल्यावर नागपूरच्या घरात त्या एकट्या पडल्या, म्हणून बायकोनं हट्टानं त्यांना हिवाळ्याआधी इकडे आणलं. पहिला बर्फ पडला तेव्हा त्या कौतुकानं घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उतरल्या आणि तिथंच आडव्या झाल्या. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. त्यानंतर त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. देवळात चला, नाही. मंडळाचं हळदीकुंकू आहे, नाही. "ऊन पडलं की सांगा," एवढंच म्हणायच्या आणि खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या. काकांबद्दल बोलत नव्हत्या, रडत नव्हत्या, आणि हसतही नव्हत्या. बायको रोज मला विचारायची, "आणून चूक केली का रे मी?"

अशा बाईला फेब्रुवारीत टीव्हीवर दिसलं, की जगभरातली धडधाकट माणसं आईबापांच्या डोळ्यांदेखत मुद्दाम बर्फावर घसरायला जातात. "काहून करतात बाप्पा हे?" त्या हबकून म्हणाल्या. पण टीव्ही बंद करू दिला नाही.

कुठल्या देशाला किती मेडल मिळाली याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जो पडला तो त्यांचा. आणि एकदा पडलेल्याला त्या वाऱ्यावर सोडत नसत. खेळ चालले होते युरोपात, त्यामुळे आमच्याकडे ते दिवसा थेट दिसायचे आणि संध्याकाळी त्यातलेच निवडक पुन्हा. मावशी दोन्ही वेळा बसायच्या. "आजी, धिस इज अ रिप्ले! शी ऑलरेडी फेल," आमची लेक इरा कळवळून सांगायची. "सकाळी पडली ना? आता सावरंल," मावशी म्हणायच्या आणि हात जोडायच्या. ती पोरगी अर्थातच पडायची. मावशींना सकाळइतकंच वाईट वाटायचं.

कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत सोडायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत जायचं, हा मात्र त्यांना शहाण्यांचा खेळ वाटला. "कोणी पडत नाही, अन् फरशीबी झाडून होते." एका दुपारी माझा क्लायंटबरोबर कॉल चालू असताना स्वयंपाकघरातून आरोळी आली, "झाड! झाड! जोरात झाड!" मागोमाग काहीतरी दाणकन आदळलं. मावशींनी ज्वारीच्या पिठाचा डबा फरशीवरून सोडला होता, इरा पुढे झाडू मारत होती, आणि डबा फ्रिजवर जाऊन फुटला होता. क्लायंटनं विचारलं, "इज एव्हरीथिंग ओके?" मी सांगितलं, प्रॅक्टिस चाललीय.

शनिवारी लांब पल्ल्याची स्की शर्यत होती. पहिले तिघं पोचले, मिठ्या मारून झाल्या आणि चॅनेलनं जाहिराती लावल्या. मावशी खवळल्या. "अन् तो मागचा पोट्टा? चढावर पडला होता तो?" तो कुठल्याशा उन्हाळी देशाचा होता, तिथं बर्फ फक्त सरबतात असावा. बायकोनं फोनवर अख्खी शर्यत शोधून टीव्हीवर लावली. पोरगा अजून येत होता. एकटाच. चढावर पडला, उठला, पुन्हा पडला. मावशी सोफ्यावरून उठून थेट टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. "ऊठ राजा. घाई नाही. तू फक्त ऊठ." तो उठला. रेषेपाशी ते पहिले तिघं थंडीत त्याची वाट बघत थांबले होते. त्यांनी त्याला उचललंच. आणि तो खदाखदा हसत होता.

"हसून राहिला पाह्य बरं," मावशी म्हणाल्या. "इतका पडला, अन् हसून राहिला."

मग टीव्हीकडे पाठ फिरवून बायकोला म्हणाल्या, "माझे बूट काढ गं."

बूट चढवून त्या दाराबाहेर पडल्या. बायकोनं दंड धरला होता, तो त्यांनी पायरीवरच सोडवून घेतला. साडीवर माझं जॅकेट, डोक्यावर इराची गुलाबी टोपी, अशा त्या एकेक पाऊल चाचपत फुटपाथजवळच्या मेलबॉक्सपर्यंत गेल्या. त्याचं दार उघडलं, टपाल काढलं, वळल्या आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात मटकन बसल्या. आम्ही धावलो. मावशींनी आधी कंबर चाचपली, मग गुडघे, आणि मग त्यांना हसू फुटलं. अंग गदगदा हलत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. "उठवू नका," त्या म्हणाल्या, "मी उठते." बराच वेळ लागला. पण उठल्या, आणि टपालातली पिझ्झाची कूपनं छातीशी धरून घरात आल्या.

समारोपाचा सोहळा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी घर एकदम शांत वाटत होतं. पुढच्या आठवड्यात मावशींचं नागपूरला परतीचं तिकीट होतं. बंद टीव्हीसमोर त्या हातांची घडी घालून बसल्या होत्या.

"जावईबापू, ती पोरं आता घरी पोचली असतील ना?"

"पोचली असतील, मावशी."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "दार उघडायला घरी कोणी असंल ना त्यांच्या?"

बायको ओट्याशी भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि मावशींच्या शेजारी येऊन बसली.