गवताखालची वस्ती

आमची ताई काय काम करते हे लोकांना समजावता समजावता आईच्या तोंडाला फेस येतो. वैमानिक जमिनीवरच्याच एका बंद खोलीत, खोट्या विमानात बसून उडायला शिकतात. त्यांच्या काचेबाहेर दिसणारी गावं, रस्ते, नद्या ताई कॉम्प्युटरवर बनवते. आकाशातून काढलेले फोटो बघून एकेक छप्पर उभं करते, पत्र्यावरचा गंजसुद्धा सोडत नाही. डोकं तापट, हात चिवट.

यंदा तिच्याकडे आमच्याच विमानतळाचं काम आलं. धावपट्टीच्या टोकाला आमची वस्ती. तिनं आमचं घर केलं, गच्चीवरची निळी टाकी केली, शेजारच्या मावशींचं शिवणकामाचं दुकान केलं. स्वारी भलतीच खूश होती.

मग तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी फर्मान काढलं. घरांची गर्दी झाली की चित्र अडखळतं, तेव्हा वस्ती काढा, गवत टाका.

ताई उसळली. "साहेब, इंजिन बंद पडलं की वैमानिक आधी मोकळी जागा शोधतो. आमच्या डोक्यावर उतरायला शिकवताय त्याला!"

"अहो, चित्र आहे ते!"

तळपायाची आग मस्तकाला जाते माझ्या, हे आठवलं की. ताई रजेवर असताना साहेबांनी दुसऱ्याकडून अख्खी वस्ती पुसून घेतली. ताई परतली त्या दिवशीच काम बघायला बाहेरगावचे प्रशिक्षक आले. त्यांनी मुद्दाम इंजिन बंद केलं, आणि शिकाऊ वैमानिक त्या गवतावर अलगद उतरला. टाळ्या पडल्या.

मागे उभी असलेली ताई ओरडली, "अरे, माझ्या आईच्या स्वयंपाकघरात उतरलास तू!"

साहेबांनी तिला बाहेर नेलं, गोड बोलले आणि तोडगा काढला. आमचं घर परत ठेवलं. एकटं आमचंच, हिरव्यागार कुरणात, निळ्या टाकीसकट! पुढच्या खेपेला त्याच वैमानिकानं घर बरोबर चुकवलं आणि बाजूला विमान टेकवलं.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. लाज कशाशी खातात, हे या माणसाला कुणी शिकवलंच नाही.

ताई घरी आली ती धुमसतच. तिनं आईला सगळं सांगितलं. कपड्यांच्या घड्या करता करता आईचा हात थांबला.

"आपलं घर चुकवलं, मग उतरला कुठे गं तो?"

ताईनं खिडकीकडे बोट केलं. पलीकडे मावशींचं शिलाई मशीन चालू होतं.