आतली शिलाई

"आतून दाखव, बाय."

पँट हातात घेतली की मावशींचं पहिलं वाक्य हेच. वरची शिलाई त्या बघायच्याच नाहीत. चष्मा कपाळावर सारायचा, पँट उलटायची आणि नखाने धागा ओढायचा.

उल्हासनगरच्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात सॅम्पलचं मशीन त्यांचं. पहिली पँट त्या शिवणार, मग आम्ही बायका तिच्याबरहुकूम. मी परभणीकडची, आठवीत शाळा सुटलेली. मशीनमध्ये दोरा ओवायचा कसा, इथपासून त्यांनी शिकवलं. अंबरनाथला शिवमंदिराजवळ, स्वतःच्या घरामागे खोलीही बघून दिली. उपकार किती सांगू! तरी मला त्यांचा हेवा वाटायचा. आमचा सिंधी सेठ माझी पँट बघून म्हणायचा, "ठीक है." त्यांची बघून, "वा साईं, वा!"

मग त्यांचं पोट दुखायला लागलं, शौचावाटे रक्त पडायला लागलं. तपासणीत आतड्यात गाठ दिसली. बहुतेक कॅन्सरच, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन ठरलं आणि सेठने मला सॅम्पलच्या मशीनवर बसवलं.

दवाखान्यात गेले तर खाटेभोवती लेक, सुना, शेजारणी. मी पडले तर कोण येईल? तुम्ही हसाल, पण तेव्हाही मला हेवाच वाटला. देवळात जाऊन 'मावशींना वाचव' म्हटलं. 'कामावर परत आण' एवढं मात्र तोंडातून निघेना.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. आतड्यातल्या नसाच वाढून त्यांचा गोळा झाला होता. क्वचितच कुणाला होतो म्हणे, आणि दिसतो हुबेहूब कॅन्सरसारखा. मावशी डॉक्टरांना म्हणाल्या, "मी पोरींना तेच सांगते. आतून बघा."

काही आठवड्यांनी त्या कारखान्यात आल्या. ब्लाउज अंगावर लोंबत होता. मी मशीनवरून उठलेच नाही. हातातली पँट शिवतच राहिले. त्यांनी ते पाहिलं.

"बस, बाय. मला आता वाकवत नाय. आतून दाखव."

धागा ओढला. तुटला नाही.

"माझ्याहून सरळ हाय गो," म्हणाल्या आणि पाठीवर हात ठेवला. मला मान वर करता आली नाही.

त्यानंतर लेक त्यांना कात्रपला आपल्या घरी घेऊन गेली. आता सेठ माझी पँट वरून बघतो आणि "वा साईं" म्हणतो. मी ती उलटून थोडा वेळ मांडीवर ठेवते. तिकडे त्या नातीचा फ्रॉक उलटून बघत असतील.

आता त्या लेकीचा हेवा वाटतो.